वेलदोडा कुठे आहे?

मंडळी, प्रास्ताविकात माझा उल्लेख ‘खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक’ असा झाला. अभ्यास वगैरे काही नाही. चहा प्यायला आणि केक खायला मी गेली तीस-पस्तीस वर्षं हिंडतोय आणि आमच्या घरी त्याला उंडारणं म्हणतात. तेव्हा आज उंडारण्याबद्दलच बोलतो. मुद्दा एकच आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचंय त्यांची सोय होईल. चहाच्या दुकानात गेलात की आधी बघा, इथे वेलदोडा कुठे आहे? चहात की केकमध्ये?

अमृततुल्यात, म्हणजे पुण्याच्या चहाच्या छोट्या दुकानात, तो चहात असतो. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य १९२४ सालचं. राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात हा धंदा रुजवला. पितळी पातेलं, त्यात दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकत्र उकळायचं, आलं आणि वेलदोडा खलबत्त्यात कुटून वरून टाकायचा, मग फडक्यातून गाळायचं. ते फडकं पिळतानाचा हात बघण्यासारखा असतो. एवढा गोड आणि सुगंधी चहा झाल्यावर सोबत काय? तर क्रीमरोल. क्रीमरोलला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. कुरकुरीत पापुद्रे आणि आत गोड फेस. तो चहाच्या आड येत नाही. ही जोडी कुणी विचार करून लावली की नुसती जमून गेली, देव जाणे. पण जमली आहे.

इराण्याच्या हॉटेलात नेमकं उलटं.

इराणी म्हणजे पारशी नव्हेत, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पारशी हजारएक वर्षांपूर्वीच आले. हे इराणी आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, बरेचसे यझ्द आणि केरमान भागातून. सगळेच झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या धर्माचे, नव्हते, त्यांत शिया मुसलमानही होते. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अपशकुनी मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, अशी कथा सांगतात. खरीखोटी कशीही असो, दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन्ही बाजूंचा उजेड त्यांना मिळाला. मुंबईत धोबी तलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान १९१४ चं, पुण्यात डेक्कनवरचं आपलं गुडलक १९३५ चं.

इराणात चहा कोरा पितात, साखरेचा खडा दातांत धरून. मुंबईत दूध आलं. पण इराण्याने अमृततुल्यासारखा एकत्र उकाळा केला नाही. चहाचा अर्क वेगळा, दूध वेगळं, आणि कपात दोघांची गाठ. बहुतेक जुन्या इराण्यांकडे त्यात मसाला नसे. चहा दाट, रंगाला विटकरी, शेवटी जिभेवर थोडा कडवटपणा ठेवणारा.

आणि वेलदोडा? तो मावा केकमध्ये.

केकबद्दल जरा सावकाश बोलतो. १ लिटर म्हशीचं दूध आटवलं की साधारण २०० ग्रॅम मावा निघतो. म्हणजे केकमध्ये दूधच आहे, फक्त पाणी गेलेलं. लोण्याबरोबर तो मैद्यात कालवला की केक मऊ होतो, पण फुसका होत नाही. हातात जड लागतो. भट्टीत दुधातल्या साखरेमुळे माथा तांबूस होतो, मध्ये तडकतो. कागद सोलताना बघा, त्याच्या चुण्यांच्या रेघा केकच्या अंगावर उमटलेल्या असतात आणि थोडा केक कागदालाच चिकटून येतो. तो दाताने खरवडून खायचा. लाज वाटत असेल तर भिंतीकडे तोंड करून बसा.

एवढं तूपट खाल्ल्यावर तोंड स्वच्छ करायला तो कडवट चहाच हवा. मसाला चहा घेतलात तर वेलदोड्यावर वेलदोडा होतो आणि दोन्ही वाया जातात. मागे एका नव्याकोऱ्या कॅफेत गेलो होतो. नाव सांगत नाही. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर जुन्या पाट्या, सगळं साग्रसंगीत. चहा आला तो आलं-वेलची घातलेला, आणि केक फ्रिजमधला. थंडीत लोणी घट्ट होतं, वास मरतो. मी खाल्ला तो वेलचीचा साबण होता.

म्हणून केकची वेळ पाळावी लागते. मेरवानचा मावा केक सकाळीच संपायचा. उशिरा उठणाऱ्याने तिथे नुसता चहा प्यावा. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची गोष्ट वेगळी. १९५५ ची बेकरी, श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लागते, मावा केकही उत्तम. पण ती बेकरी आहे, तिथे बसून चहा नाही. आणि दुपारी बंद! केक पिशवीत घेऊन चहाच्या शोधात निघावं लागतं. मी सरळ बिनमसाल्याचा चहा मिळेल तिथे जातो. नाहीच मिळाला तर केक घरी नेतो आणि चहा स्वतः करतो, आलंसुद्धा न घालता. बायको म्हणते, हा चहा आजाऱ्याचा आहे.

खाण्याचा माझा क्रम ठरलेला. आधी चहाचे दोन घोट, नुसते. मग केक. केकनंतर चहाची साखर कळतच नाही, म्हणून आधी चाखून घ्यायची. केक बुडवायचा नाही, त्याचा गाळ होतो. बुडवायला कडक ब्रून पाव आहे, खारी आहे.

पूर्वी इराण्याकडे केकची बशी भरून टेबलावर ठेवत. जितके खाल तितक्यांचे पैसे. कॉलेजात असताना आम्ही दोघे मित्र बसलो, तीन केक उडवले आणि दोन कागद एकात एक घालून एकच दिसेल असे ठेवले. वेटर आला. कप उचलले, फडकं मारलं. मग दोन बोटांनी वरचा कागद अलगद काढून खालच्याच्या शेजारी मांडला आणि आमच्याकडे न बघता गल्ल्यावर ओरडला, ‘‘दो चाय, तीन केक!’’