नोट तिजोरीत आली, पुढं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

नोटा रद्द झाल्या की बँकांची चांदी, असा एक समज आहे. लोक रांगा लावून पैसे आणून भरतात, बँकेला आणखी काय हवं? पण भरलेला पैसा बँकेच्या खातेवहीत ठेव म्हणून चढतो, आणि ठेव म्हणजे बँकेचं तुम्हाला असलेलं देणं. बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेवर व्याज लागतं. २०१६ साली ते बहुतेक बँकांत ४ टक्के होतं. म्हणजे एका शाखेत एक कोटी जमा झाले, तर दिवसाला सुमारे अकराशे रुपये व्याज चढू लागलं.

त्या वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० आणि १०००च्या मिळून १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या. परत आल्या १५.३१ लाख कोटींच्या. शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल, बंडलं करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेसाठी नोटा सांभाळणाऱ्या तिजोरीत, आणि तेवढी रक्कम बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यावर. आता हा पैसा कर्जाऊ द्यायचा कुणाला? चालू खात्यातून आठवड्याला ५० हजारच निघत होते. तीस कामगारांना अडीच हजारांप्रमाणं पगार द्यायचा तर यंत्रमागवाल्याला ७५ हजार लागतात. पगारालाच रोकड नाही, तो नवे माग घ्यायला कर्ज कशाला काढेल?

त्यात रिझर्व्ह बँकेनं आणखी एक पाचर मारली. १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबरदरम्यान वाढलेल्या ठेवींइतकी सगळी रक्कम आमच्याकडं बिनव्याजी ठेवा, असा २६ नोव्हेंबरपासूनचा आदेश. तो १० डिसेंबरला मागं घेतला. तोवर बँकांकडची जादा रोकड शोषायला विकायच्या सरकारी रोख्यांची मर्यादा ३० हजार कोटींवरून ६ लाख कोटींवर नेली होती. रोख्यांवर व्याज मिळतं, तिथं बँकांना श्वास घेता आला.

खरी कोंडी झाली जिल्हा सहकारी बँकांची. चार दिवस नोटा घेतल्या आणि १४ नोव्हेंबरला बंदी आली. घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी मिळाली थेट जून २०१७ मध्ये. सात महिने तिजोरीत नुसता कागद, आणि ठेवीदारांचं व्याज मात्र चालूच. इकडं रब्बी तोंडावर, आणि सोसायटीचा सभासद पैशासाठी दारात उभा.

एटीएमची रडकथा वेगळीच. २०००ची नोट ६६ बाय १६६ मिलिमीटर, जुनी १०००ची ७३ बाय १७७. नोटांच्या पेट्या नव्या मापाला जुळवायला तंत्रज्ञाला प्रत्येक यंत्रापाशी जावं लागलं. तोवर चालल्या शंभरच्याच नोटा. एका पेटीत अडीच हजार नोटा धरल्या तर अडीच लाख रुपये, आणि माणशी दोन हजारांनी ती सव्वाशे लोकांत रिकामी.

२०२३ साली २००० ची नोट काढली ती या मानानं शहाणपणानं: नोट रद्द केली नाही, नुसती परत मागवली, आणि एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून दिली. ३.५६ लाख कोटीच बाहेर होते, त्यामुळं गर्दीही बेताची. अजून घरात एखादी सापडली तर बँकेत जाऊ नका, घेणार नाहीत. पोस्टातून रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाला पाठवा. सोबत अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडा, रक्कम खात्यावर जमा होते.