नाथ पैंचं विधेयक आणि दंडवत्यांची गैरहजेरी

बॅरिस्टर नाथ पै आपल्या वेंगुर्ल्याचे. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या भाषणांच्या आठवणी आपल्याकडे घरोघरी निघतात. सभागृहात त्यांनी कागदावर काय मांडलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मला ते तितकंच मोलाचं वाटतं, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलतो.

खासदाराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘आमका काय दिल्यान?’ साकव, रस्ता, जेटी. प्रश्न रास्तच आहे, कोकणाने उपेक्षा भरपूर सोसली आहे. पण खासदाराला आपण निवडतो ते कायदे करायला. त्याने कुठलं विधेयक आणलं आणि कशाच्या बाजूने हात वर केला, हेही त्याला विचारायला हवं.

मंत्री नसलेला सदस्य जे विधेयक मांडतो ते अशासकीय. लोकसभेत त्याला वेळ मिळतो तो साधारणपणे शुक्रवारी, शेवटचे अडीच तास. तोपर्यंत निम्मे सदस्य गाडी पकडायला निघालेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी अवघी १४ विधेयकं कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयात गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. ११ न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत होता, आणि खटला पंजाबातल्या कमाल जमीनधारणेवरून उभा राहिलेला. कसणाऱ्याला जमीन देणारे पुढचे कायदे इथेच अडणार, ही धास्ती नाथ पैंसारख्या समाजवाद्यांना वाटली. त्यात नवल नाही.

कोकणात तर ही धास्ती अंगावर येणारी होती. इथल्या कुळांनी खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, पाहिला होता. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तेही विरोधी बाकावरून. ते संमत झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

निकालाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल १९६७ मध्ये नाथ पैंनी विधेयक आणलं. आशय थोडक्यात असा, की मूलभूत हक्क धरून घटनेतली कुठलीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर चर्चा झाल्या, लांबत गेलं. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच संपलं. पाठोपाठ १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. वय ४८.

त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली. गाभा तोच होता. विरोधी बाकावरच्या एका माणसाने शुक्रवारच्या वेळात मांडलेला विचार चार वर्षांत घटनेत आला. एखादं विधेयक पडलं म्हणून सदस्याच्या नावापुढे शून्य मांडायचं नसतं, ते यासाठी.

आता मतदानाकडे येतो. साधी विधेयकं बहुधा आवाजी मतदानाने संमत होतात, तिथे कोणी काय केलं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून मतविभाजन होतं आणि बाजूने कोण, विरोधात कोण, सगळी नावं छापली जातात. आडनाव आधी, मग नाव. लोकसभेच्या चर्चेचे जुने खंड आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जरूर उघडा.

पण याद्या जपून वाचाव्या लागतात. ७ ऑगस्ट १९७५ रोजी लोकसभेने ३९ वी घटनादुरुस्ती संमत केली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ती दुरुस्ती. नाथ पैंच्या जागी निवडून गेलेले आपले प्रा. मधु दंडवते त्या दिवशी सभागृहात नव्हते. नुसती हजेरी मोजणारा म्हणेल, खासदार गैरहजर. दंडवते तेव्हा तुरुंगात होते. आणीबाणी लागताच त्यांना बंगळूरला अटक झाली होती. त्या गैरहजेरीचा या मतदारसंघाला अभिमान वाटायला हवा, असं मी मानतो.

आणि इथेच नाथ पैंच्या विधेयकाबद्दल एक अवघड गोष्ट बोलावी लागते. संसदेचा जो अधिकार त्यांना कुळांसाठी हवा होता, तोच आणीबाणीत सत्ता वाचवायला वापरला गेला. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने २४ वी दुरुस्ती वैध ठरवली, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेलाही हात लावता येणार नाही, अशी मर्यादा घातली. त्याच मर्यादेच्या आधारे ७ नोव्हेंबर १९७५ ला ३९ व्या दुरुस्तीतलं ते कलम रद्द झालं.

नाथ पैंचा लोकांवर विश्वास होता, म्हणून लोकांच्या संसदेवर होता. माझ्या मते त्यांच्या विधेयकात एक कुंपण कमी होतं, आणि ते न्यायालयाने घातलं हे बरं झालं. त्यांच्याबद्दलचा आदर मनात ठेवूनच मी हे म्हणतो. तुमच्यातल्या कोणाला हे पटत नसेल तर आता प्रश्नोत्तरांत जरूर मांडा.