सीएसएमटी, घुमट न झुकवता

मुंबई महापालिकेचं मुख्यालय आणि समोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. इथल्या सेल्फी पॉइंटवर संध्याकाळी निघणारे बहुतेक फोटो सारखेच: इमारत समोरून, अख्खी, घुमट मधोमध. आणि सगळ्या फोटोंत इमारत मागे रेललेली.

घुमट मावावा म्हणून आपण मोबाइल वर कलता करतो, तिथेच घोळ होतो. उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. मोबाइल ताठ धरा. ग्रिड सुरू करा, मनोऱ्याची कड तिच्या रेषेला लावा. खाली भरपूर डांबरी रस्ता येईल. येऊ द्या, नंतर कापता येतो. तरीही घुमट कापला जात असेल, तर जमेल तितकं मागे सरका. वाइडवर जाण्याचा मोह आवरा, कारण ती लेन्स कडेचे मनोरे ताणून ठेवते.

दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या पाठीशी असतो आणि कोरीवकाम काळवंडतं. दुपार उतरली की तिरपं ऊन कमानींच्या खोबणीत शिरतं, सावल्या पडतात आणि नक्षी उठून दिसते.

आता थोडं बाजूला या. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी इमारतीचे दोन हात बागेभोवती पुढे आणले आहेत. १८७८ ते १८८८, दहा वर्षांचं हे काम अगदी समोरून टिपलं तर सपाट पडदा वाटतं. कोपऱ्यावरून पाहिलं की एक हात जवळ येतो, दुसरा लांब जातो, मधली बाग दिसते. महापालिकेची १८९३ साली पुरी झालेली इमारतही स्टीव्हन्स यांचीच. दोन्ही एका चौकटीत, मधून वाहता रस्ता: माझ्या मते इथला सगळ्यात बोलका फोटो हाच. बस, टॅक्सी, लोकल पकडायला पळणारी माणसं, सगळं येऊ द्या. माणसाशेजारीच कमानीची उंची कळते. रिकाम्या सीएसएमटीचा फोटो मला तरी खोटा वाटतो.

मग जवळ जा. फाटकाच्या एका खांबावर सिंह, ब्रिटनचा. दुसऱ्यावर वाघ, भारताचा. वाघावर फोकस धरा, मागे घुमट धूसर राहू द्या. वर घड्याळ आहे. बरेच जण फोटो घड्याळाखालीच कापतात आणि त्याच्या खालचा रिकामा कोनाडा निसटतो. तिथे पूर्वी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. घड्याळ आणि कोनाडा एकत्र घ्या. इमारतीचा निम्मा इतिहास तेवढ्यात येतो. दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट यांचा चेहराही आहे. झूम करून शोधा.

अंधारात रंगीत दिवे लागले की दगडाचा मूळ रंग हरवतो. सूर्य बुडाल्यावर आकाश निळं असेतोवर उरकून घ्या. हात हलत असेल तर मोबाइल रेलिंगला टेकवा आणि टायमर लावा.