तळे कोणाचे, गाळ कोणाचा

पत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘कृत्रिम तलाव’ एवढेच छापले गेल्यामुळे, गणेश विसर्जनाच्या व्यवस्थेविषयी काही ऐकायला मिळेल या अपेक्षेने आलेल्या कार्यकर्त्यांची मी आरंभीच क्षमा मागतो. त्यांनी उठून मात्र जाऊ नये. त्यांच्या तलावाचा आणि माझ्या तळ्याचा शेवट एकाच गाळात होतो. मला बोलायचे आहे ते नव्या वसाहतींच्या मोकळ्या जागेत बिल्डर जे तळे खोदून देतो त्याविषयी, आणि ते राखण्याचा खर्च कोणी करायचा याविषयी.

पाटबंधारे खात्यात उभी हयात गेल्यामुळे साठलेले पाणी दिसले की मला आधी त्याचा तळ आठवतो. निवृत्तीनंतर ज्या वसाहतीत मी घर घेतले, तिच्या माहितीपत्रकातील तळ्यावर दोन बदके पोहत होती. बदके छापखान्यातच राहिली, तळे तेवढे मिळाले: वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद, शेततळ्याला घालतात तसला काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले आणि मधोमध कारंजे. तळ्यासमोरच्या प्लॉटांना बिल्डरने चढा भाव लावला होता, मागच्या गल्लीला कमी. माझे घर मागच्या गल्लीत आहे, तेव्हा माझे विवेचन अगदी तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

पहिल्याच मे महिन्यात तळ्याने आपला खर्च दाखवला. खानदेशातला मे आपल्याला मी सांगायला नको. उघड्या पाण्यातून दिवसाला १० मिलिमीटर वाफ होऊन जाते असे धरले, तरी ३०० चौरस मीटरवरून रोज ३,००० लिटर पाणी उडते. महिन्याला ९०,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे १८ टँकर. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या वसाहतीत, कारंज्यासाठी टँकर मागवावा असा ठराव सभेत आला, तेव्हा जो गदारोळ झाला तो मी येथे सभ्य भाषेत सांगू शकत नाही. टँकर आले नाहीत. पाणी उतरत गेले, उघडा पडलेला कागद उन्हाने तडकला, कोपऱ्यात हिरवट डबके उरले आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. त्यांच्यावर उपाय म्हणून गप्पी मासे सोडले, ते बगळ्यांनी दोन दिवसांत संपवले. माहितीपत्रकातल्या पक्ष्यांची भरपाई म्हणायची ती एवढीच.

त्यानंतरच्या सभेत समोरच्या रांगेतील एक गृहस्थ म्हणाले, “आम्ही जादा पैसे आधीच मोजलेत, आता पुन्हा कशाला?” त्यावर आमच्या गल्लीतल्या एक वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, “आम्हाला तळं दिसत नाही, डास तेवढे येतात.” दोघांचेही खरे होते. जादा पैसे मोजले गेले होते, पण ते बिल्डरच्या खिशात गेले. गाळ उपसण्यासाठी त्यातला एक रुपयाही कोणी बाजूला ठेवला नव्हता. पांझरेकाठच्या गावाहून मुलाकडे राहायला आलेले एक आजोबा कडेला बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “पानी सर्वासनं शे, मंग गाळ कोनना?”

आजोबा फड बागायतीतले, म्हणजे नदीच्या बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणून गावाने मिळून वाटून घ्यायच्या शेतीतले. पांझरा, मोसम, बुराई या नद्यांवर काही शतके चाललेल्या त्या पद्धतीत क्षेत्राचे साधारणपणे चार फड पाडत, एका फडात एकच पीक घेत, पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाटातला गाळ काढायला पाणी घेणारेच येत. तरुण विश्वेश्वरय्या खानदेशात नोकरीला असताना त्यांनी याच पांझरेच्या परिसरात बांधलेल्या सायफनची गोष्ट सांगण्याचा मोह होतो आहे, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि पाच मिनिटे उरली आहेत.

तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो. तळ्याच्या बिलाचे दोन भाग करावेत: गाळाचा आणि शोभेचा. मोठ्या रेखांकनात, म्हणजे प्लॉटांच्या लेआउटमध्ये, सोडावी लागणारी १० टक्के मोकळी जागा सर्व भूखंडधारकांची सामाईक असते आणि पावसाळ्यात सगळ्या गल्ल्यांचे पाणी त्याच तळ्यात उतरते. म्हणून गाळ, कागद आणि डासांचा बंदोबस्त यांचा खर्च प्लॉटच्या क्षेत्रफळाप्रमाणे सर्वांनी द्यावा, मागच्या गल्लीनेही. कारंजे, दिवे आणि उन्हाळ्यातले टँकर हा शोभेचा खर्च ज्यांना ते हवे त्यांनी नाव नोंदवून करावा. महापालिकेच्या रस्त्याचे पाणी तळ्यात सोडलेले असेल, तर गाळातला तेवढा वाटा महापालिकेकडे मागावा.

या सगळ्याच्या आधी बिल्डरचा हिशेब. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात अंतर्गत विकासकामांच्या व्याख्येत जलसंधारणही आहे. कलम ११ प्रमाणे रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी आकार घेऊन चालू ठेवणे विकासकाकडे, म्हणजे बिल्डरकडे असते, आणि कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. एका उन्हाळ्यात तडकणारा कागद हा दोष नाही तर काय, असे लेखी विचारावे. तळे पूर्ण उपसून तळ पाहिल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नये, आम्ही केली.

आमच्या सभेने ही विभागणी मंजूर केली आहे. गाळाची वर्गणी बहुतेकांकडून जमा झाली. कारंज्याची मोटार सध्या माझ्या जिन्याखाली ठेवलेली असून, ज्यांना कारंजे हवे त्यांच्या नावांसाठी घातलेली वही तिच्यावरच आहे. तिच्यात अजून एकही नाव आलेले नाही.