नानांचे पावणेचार तास

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, भांडी सिंकमध्ये पडली असतील, राहू द्या तशीच. मागच्या वेळी झोपेत श्वास अडकण्यावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर बोललो होतो, तर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की इकडे अमेरिकेत आलेल्या आईबाबांना ते सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास चालू ठेवणारं) मेडिकेअरमधून, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातून मिळतं का. मेडिकेअर असेल तर मिळतं. पण मिळणं वेगळं आणि टिकणं वेगळं, आणि माझी आजची सगळी गोष्ट त्या टिकण्याचीच आहे.

आधी मिळण्याचं पटकन सांगते. डॉक्टरांना भेटायचं ते झोपेच्या टेस्टच्या आधी, हा क्रम लक्षात ठेवा, आधी डॉक्टर मग टेस्ट. टेस्ट घरीही होते. त्यात तासाला श्वास किती वेळा अडकतो ते मोजतात, पंधरा किंवा जास्त आलं तर सरळ पात्र, पाच ते चौदा आलं तर सोबत बीपी, हार्टचा त्रास, दिवसा पेंगणं असं काहीतरी नोंदलेलं लागतं. मग पार्ट बी मधून, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर आणि उपकरणांच्या भागातून, मशीन भाड्याने येतं. वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, 2025 ला ते 257 डॉलर होतं, ते भरून झालं की वीस टक्के आपले, बाकीचे त्यांचे, आणि तेरा महिने भाडं भरलं की मशीन आपलं. दुकानदार मेडिकेअरवाला आहे ना तेवढं विचारा, मुलाने ऑनलाईन स्वस्तात मागवलं आणि मग बिल घेऊन फिरतोय असं नको. (ही मुलं पिझ्झा मागवताना दहा रिव्ह्यू वाचतात आणि आईबापाचं मशीन एका क्लिकमध्ये, असो.)

तर आता नाना. नाना म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं पहाटेची पहिली गाडी. रिटायर होऊन जमाना झाला, न्यू जर्सीत येऊन सात वर्षं झाली, पण साडेतीनला डोळा उघडतो म्हणजे उघडतोच, उठून चहा टाकणार, खिडकीशी बसणार, बाहेर बर्फ असो नाहीतर काही असो. त्यांचं घोरणं खालच्या बेसमेंटमध्ये ऐकू यायचं. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपल्याकडे अजून कौतुकाने सांगतात, ते आधी डोक्यातून काढा.

टेस्टमध्ये बावीस आले, मशीन घरी आलं, नाना शहाण्यासारखे मास्क लावून झोपायलाही लागले. आम्ही खूश. सव्विसाव्या दिवशी सप्लायरकडून फोन, तुमचे पेशंट मशीन वापरत नाहीत. मी म्हटलं अहो रोज वापरतात, मी स्वतः बघते! ती म्हणाली चार तासांच्या वर फक्त चारच रात्री दिसतायत. दिसतायत म्हणजे? तर मशीनमध्ये मोडेम असतो, रोजचे तास तिकडे जातात.

नानांना सांगितलं तर ते भडकले. "मी किती झोपतो ते सरकारला कशाला? तिकीट काढलंय ना आपण?"

नियम असा, नीट ऐका. रात्री किमान चार तास, आणि सलग तीस दिवसांत 70 टक्के रात्री, म्हणजे एकवीस. चार तास, एकवीस रात्री. हे पहिल्या तीन महिन्यांत कधीतरी जमलं पाहिजे. नाही जमलं तर पैसे बंद, आणि परत हवं तर परत डॉक्टर, परत टेस्ट आणि ती लॅबमध्ये जाऊन.

संध्याकाळी मी मशीनच्या स्क्रीनवर बघितलं, 3.7. आदल्या दिवशी 3.8. नाना झोपायचे पावणेबाराला, इंडियाची बातमी बघून, आणि उठायचे साडेतीनला. पावणेचार तास! रोज पंधरा मिनिटं कमी. चहा पिऊन परत आडवे व्हायचे ते मास्कशिवाय. ह्यांनी आवाज चढवला, बाबा लवकर झोपा, तर बाबा ऐकतात का.

मग मी मॅन्युअल काढून बसले (मॅन्युअल घरात फक्त सुनाच वाचतात, हे माझं ठाम मत आहे) आणि कळलं की आमच्या मशीनचा दिवस दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, आणि त्यातले सगळे तास ते बेरीज करतं. म्हटलं नाना, जेवल्यावर वामकुक्षी घेता ना, ती मास्क लावून घ्या. आणि पहाटे परत आडवे झालात की लावा.

"म्हणजे दोन ट्रिपा," नाना म्हणाले.

तिथून माणूस बदलला. एक वही घेतली, वेबिलासारख्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारख्या, रेघा मारल्या, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, एकूण. सकाळी स्क्रीनशी ताळा. एकदा पाच मिनिटांचा फरक आला तर दिवसभर अस्वस्थ. तीस दिवसांत सत्तावीस रात्री भरल्या, वही घेऊनच डॉक्टरकडे गेले.

ती डॉक्टरची भेट पण विसरायची नाही हं, मशीन आल्यापासून 31 ते 91 व्या दिवसाच्या मधे, आणि त्रास कमी झालाय हे डॉक्टरने लिहायला हवं. डॉक्टरने विचारलं, काय फरक वाटतो? नाना म्हणाले, आधी सिरीयल लागली की झोप यायची, आता सगळी बघावी लागते.

अजून एक, त्या तीन महिन्यांत पुण्याला लग्नाला वगैरे निघत असाल तर आधी एकवीस रात्री भरा, मग जा. जाताना मशीन हँडबॅगेत घ्या, चेक-इनला देऊ नका. आमच्या नानांनी गेल्या ट्रिपला वहीसुद्धा नेली होती, आणि मुंबईत उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, आता ही दुपार इथली धरायची का तिथली.