गायीला ऐकू जाणारं गाणं

मंडळी, २०१७ सालच्या डिसेंबरात दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर युनेस्कोची एक बैठक भरली होती. जगातल्या ज्या परंपरा तातडीने जपल्या नाहीत तर संपतील, त्यांची एक यादी युनेस्को ठेवते. कोलंबिया आणि व्हेनेझुएला या दोन शेजाऱ्यांनी मिळून मांडलेलं एक नाव त्या बैठकीत या यादीत दाखल झालं: यानोसच्या मैदानातली कामाची गाणी. घोड्यावर बसून गुरं राखणारा तिथला माणूस, ज्याला यानेरो म्हणतात, तो ही गाणी म्हणतो. एकटाच म्हणतो, साथीला वाद्य नसतं, आणि ऐकणारी असते गाय.

या माणसाचा वारसा म्हटलं की भाले, लढाया, घोडदौड आठवते. त्याबद्दल मी बोलणार आहेच. पण माझ्या मते त्याने कमावलेली सर्वांत मोठी विद्या त्याच्या गळ्यात आहे, आणि आज तीच सर्वांत जास्त धोक्यात आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. अँडीजच्या पायथ्यापासून ओरिनोको नदीपर्यंत पसरलेलं हे सपाट गवताळ मैदान. क्षेत्रफळ ५ लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. तिथे ऋतू दोनच. साधारण एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस. नद्या पात्र सोडतात आणि मैदानाचे मोठे भाग पाण्याखाली जातात. डिसेंबर ते मार्च कोरडं ठाक. जमिनीला भेगा पडतात, गवत पिवळं पडतं. अशा ठिकाणी गुरं वर्षभर एका जागी ठेवताच येत नाहीत. पावसाळ्यात त्यांना नदीकाठच्या उंच पट्ट्यांवर न्यायचं, उन्हाळ्यात ओल धरून राहिलेल्या खोलगट भागात उतरवायचं. ही ने-आण पोटऱ्यांपर्यंतच्या, कधी छातीपर्यंतच्या पाण्यातून होते. पायी माणसाचं ते काम नव्हे.

गुरं आणि घोडे दोन्ही स्पॅनिश लोकांनी आणले, सोळाव्या शतकात. पुढे कोलंबियाच्या बाजूच्या कासानारे भागात जेझुइट पाद्र्यांनी गुरांची मोठी ठाणी उभी केली. त्यांतलं कारिबाबारे हे सर्वांत मोठं. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केलं आणि त्यांची व्यवस्था मोडली. मैदानात अर्धवट रानटी झालेली गुरं अफाट होती, ती धरू शकणारी माणसं मोजकी. स्थानिक आदिवासी, गुलामीतून पळालेले आफ्रिकी आणि गरीब स्पॅनिश यांच्या मिसळणीतून यानेरो घडला तो या कामासाठी. तो अनवाणी घोड्यावर बसायचा, रिकिबीत नुसता अंगठा अडकवून. कच्च्या चामड्याचा फास टाकायचा आणि त्याचं दुसरं टोक घोड्याच्या शेपटीला बांधलेलं असायचं. बैल उलट ओढायला लागला की सारी ताकद घोड्याने लावायची, स्वार मोकळा.

आता गाणी. पहिलं गाणं धारेचं. गुरांच्या मोठ्या वाड्यांवर, त्यांना तिथे हातो म्हणतात, पहाटे गायी दोहायला आणतात. प्रत्येक गायीला नाव असतं आणि धार काढणारा त्या कडव्यात तिचं नाव गुंफतो. नाव ऐकून नेमकी तीच गाय पुढे येते, वासरूही आईचं नाव ओळखून धावतं. आधी वासराला थोडं पिऊ द्यायचं, मग ते बांधायचं आणि धार काढायची, तोवर गाणं चालू. गाय पान्हा चोरते हे आपल्याकडच्या कुठल्याही गवळ्याला सांगावं लागत नाही. ती घाबरली की तिच्या शरीरात दूध सोडवणारा स्राव अडतो. ओळखीचा आवाज, ओळखीचा हात आणि वासराचा स्पर्श मिळाला की तो सुटतो. वर्षातला बराच काळ मोकळ्या रानात काढणारी गाय माणसाजवळ उभी राहते ती या आवाजाच्या भरवशावर. यानेरोला शरीरशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या गाण्याची चाल मात्र त्या शास्त्राला धरून आहे: संथ, लांबवलेली, अचानक कुठेही न उसळणारी.

दुसरं गाणं वाटेचं. शेकडो गुरं कित्येक दिवस हाकत बाजारापर्यंत न्यायची, तर सर्वांत पुढे एक स्वार असतो, काब्रेस्तेरो. तो गात चालतो. त्याच्या मागोमाग माणसाळलेले बैल, आणि त्या बैलांमागे बाकीचं खांड. बाजूचे आणि मागचे स्वार लांब हाळ्या देऊन त्याला साद देतात. मागून हाकणं जितकं महत्त्वाचं, तितकंच पुढून बोलावणं. नदी आली की काब्रेस्तेरो आधी पाण्यात उतरतो, पोहतो, आणि पलीकडच्या काठाकडे जाताना गात राहतो, कारण डोकं तेवढं वर असलेल्या गुरांना दिशा कळते ती त्या आवाजावरून. या नद्यांत सुसरी आहेत, पिरान्हा आहेत, विजेचा झटका देणारे मासे आहेत. १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या मैदानातून गेला तेव्हा कालाबोसो गावाजवळ त्याने हे मासे पकडण्याची रीत पाहिली. लोकांनी घोडे डबक्यात घातले, माशांनी आपली वीज त्यांच्यावर संपवली आणि मग ते हाती लागले. काही घोडे त्यात बुडाले. अशा पाण्यात उतरताना गळ्यातला सूर ढळू न देणं किती अवघड असेल, ते तुम्हीच ठरवा.

तिसरं गाणं रात्रीच्या पहाऱ्याचं, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. उघड्यावर बसवलेलं खांड रात्री बुजलं तर सगळं संपलं. फांदी मोडली, वीज चमकली, एखादं जनावर झुडपातून गेलं, एवढंही पुरतं. हजार पाय एकदम उठतात आणि वाटेत जे येईल ते तुडवलं जातं. म्हणून स्वार आळीपाळीने खांडाभोवती फिरतात आणि गातात, शीळ घालतात. एकसारखा मानवी आवाज कानावर असला की मधला एखादा खट्ट आवाज गुरांना तितका दचकवत नाही. त्या गाण्यांत स्वार आपली प्रेयसी, आपलं कर्ज, मालकाचा कडवेपणा, मेलेला घोडा, सगळं ओततो. ते ऐकून नाराज होणारं माणूस तिथे कुणी नसतं.

यानोसचं नाव जगात पोहोचलं ते होरोपोमुळे: वीणेसारखी उभी हार्प, चार तारांचा क्वात्रो आणि खुळखुळे, त्यावर झपाट्याचा नाच. ते सणाचं संगीत, घरच्या अंगणातलं. कामाची गाणी वेगळी.

लढायांकडे येतो. १८१०नंतर व्हेनेझुएलात स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं तेव्हा यानेरो आधी स्पेनच्या बाजूने लढले. होसे तोमास बोवेस याने त्यांना एकत्र केलं आणि १८१४ साली स्वातंत्र्याचा सेनानी सिमोन बोलिव्हार याचं प्रजासत्ताक त्यांच्या भाल्यांनी मोडलं. शहरातल्या जमीनदारांचं प्रजासत्ताक त्यांना आपलं वाटलं नव्हतं, आणि त्यांना तसं वाटण्याला कारण होतं. बोवेस त्याच वर्षी पडला. मग होसे आंतोनिओ पाएस पुढे आला आणि त्याच्यामागे यानेरो स्वातंत्र्याच्या बाजूने लढू लागले. हा पोरवयात एका वाड्यावर साधा गुराखी होता. तिथला मुकादम मानुएलोते, जो स्वतः गुलाम होता, तो पाएसकडून आपले पाय धुऊन घ्यायचा आणि आपला झोपाळा हलवून घ्यायचा. पाएसने हे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. २ एप्रिल १८१९ रोजी केसेरास देल मेदिओ इथे त्याने सुमारे १५० भालाईत घेऊन स्पॅनिश घोडदळाला पाठलाग करायला लावलं आणि मध्येच घोडे उलटे फिरवून त्याची दाणादाण उडवली. त्याच जुलैत पान्तानो दे वार्गासला रोन्दोन या सरदाराच्या यानेरोंनी हरत आलेली लढाई फिरवली आणि ७ ऑगस्टला बोयाकाच्या विजयाने कोलंबिया मोकळा झाला. भाला चालवणारे हे लोक उघड्या अंगाने पुराच्या मैदानातून अँडीजच्या थंडीत चढले होते. त्यांना कबूल केलेली जमीन बहुतांशी सेनापतींच्या नावावर गेली.

या वारशाची दुसरी बाजूही इथे सांगायलाच हवी. मोकळं मैदान म्हणताना ते कुणाचं होतं हे विसरलं जातं. डिसेंबर १९६७मध्ये कोलंबियातल्या आराउका भागात ला रुबिएरा नावाच्या वाड्यावर कुइवा आदिवासींना जेवायला बोलावून त्यांतल्या १६ जणांना मारलं गेलं, त्यांत मुलंही होती. मारणारे यानेरो होते. आदिवासींना मारणं गुन्हा असतो हे ठाऊक नव्हतं, असं त्यांनी सांगितलं आणि १९७२च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीने त्यांना सोडून दिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली. गायीच्या भीतीचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसांच्या हातून हे घडलं. मला याचं उत्तर देता येत नाही, पण हे वगळून यानेरोचा गौरव करणं मला मान्य नाही.

आता आजचं. १९८३ साली आराउकात कान्यो लिमोन इथे तेलाचा मोठा साठा सापडला. रस्ते झाले, ट्रक आले. काब्रेस्तेरोला कित्येक दिवस लागायचे तिथे ट्रक एका रात्रीत पोहोचतो. कुंपणं पडली, तशी रात्रीची राखण संपली. कासानारेत भाताची शेती वाढली, शेजारच्या मेता भागात पाम तेलाची. गायसुद्धा बदलली. जुन्या स्पॅनिश वंशाच्या जनावरांची जागा वशिंडाच्या गायीने घेतली, आणि तिचं मूळ आपल्याकडे आहे. अमेरिकेत घडवलेल्या ‘ब्राह्मण’ नावाच्या गुरांच्या जातीत गीर, कांक्रेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात कृष्णाकाठच्या जनावरांचं रक्त आहे. सांगली-मिरजेकडच्या मंडळींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या म्हणून त्या आज ऐकता तरी येतात. यानोसमध्येही ध्वनिमुद्रणं होत आहेत, म्हातारे गायक शाळांतून मुलांना शिकवत आहेत, स्पर्धा भरतात. हे व्हायलाच हवं. पण मंचावर गाणारा मुलगा टाळी कधी पडते ते शिकतो. गाय कधी कान टवकारते आणि कधी रवंथ करायला लागते, हे त्याला वाड्यावरच कळेल.

काम अजून पूर्ण संपलेलं नाही. आराउका आणि कासानारेच्या पुराच्या पट्ट्यात, पास दे आरिपोरोच्या आसपास, पावसाळ्यात ट्रक जातच नाही. तिथे गुरं हलवायची तर घोडाच लागतो. २०१४च्या उन्हाळ्यात याच भागात दुष्काळाने हजारो रानटी जनावरं आणि गुरं आटलेल्या पाणथळींत मेली, तेव्हा ही कुरणं किती नाजूक आहेत ते साऱ्या देशाने पाहिलं. गाणी जपायचा आराखडा करताना गायनाच्या वर्गांइतकाच पैसा या पाणथळींवर खर्च व्हायला हवा, आणि तिथे बारा महिने पगारावर राहणाऱ्या गुराख्यावरही.