विकलं मालकांनी, गद्दार ठरला खेळाडू

श्रोतेहो, नमस्कार.

लाडका फुटबॉलपटू क्लब सोडून गेला की चाहते त्याला गद्दार म्हणून मोकळे होतात, आणि रात्री त्याचेच जुने गोल पुन्हा लावून बघतात. राग खरा असतो, मायाही खरी असते. हा विषय निघाला की मला हटकून इटलीचा रॉबर्टो बॅजिओ आठवतो.

१९८५ साली फ्लॉरेन्स शहराच्या फिओरेन्टिना क्लबनं त्याला घ्यायचं ठरवलं आणि त्याच सुमारास त्याचा गुडघा जायबंदी झाला. पोरगा अवघा अठरा वर्षांचा. क्लबला अंग काढून घेता आलं असतं, पण क्लबनं शब्द पाळला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. पाच वर्षांत बॅजिओ फ्लॉरेन्सच्या गळ्यातला ताईत झाला. आणि मे १९९० मध्ये मालकांनी त्याला युव्हेंटसला विकलं! युव्हेंटस म्हणजे फ्लॉरेन्सचा हाडवैरी. रक्कम तोवरच्या फुटबॉलमधली सगळ्यात मोठी. शहरात दंगल उसळली, माणसं जखमी झाली. बॅजिओला जायचंच नव्हतं. विकलं मालकांनी. पुन्हा सांगतो, विकलं मालकांनी.

आता ६ एप्रिल १९९१. बॅजिओ युव्हेंटसच्या काळ्या-पांढऱ्या जर्सीत फ्लॉरेन्सला खेळायला आला. फिओरेन्टिना एका गोलनं पुढे. दुसऱ्या डावात युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. मिळवली कुणी? बॅजिओनंच, त्यालाच पाडलं होतं. संघाच्या पेनल्टी मारायचा तोच. आणि तो म्हणाला, मी मारणार नाही! पुढे कारण दिलं, की इथला गोलकीपर मारेग्गिनी माझी पेनल्टी ओळखून आहे. शेवटी त्याचा सहकारी दे आगोस्तिनी पुढे झाला, त्यानं मारली आणि मारेग्गिनीनं ती अडवली. थोड्या वेळानं बॅजिओला बाहेर बोलावलं. तो मैदानाबाहेर निघाला, तेव्हा प्रेक्षकांतून फिओरेन्टिनाचा एक जांभळा स्कार्फ येऊन पडला. बॅजिओ वाकला आणि त्यानं तो उचलून घेतला. विरोधी संघाचा स्कार्फ, भर सामन्यात! युव्हेंटस एक-शून्यनं हरलं.

फ्लॉरेन्सचे लोक विरघळले. तुरिनचे, म्हणजे युव्हेंटसच्या शहरातले, मात्र खवळले, आणि का खवळू नयेत? त्यांचा सगळ्यात महागडा खेळाडू, त्यांच्याच पेनल्टीकडे पाठ फिरवून उभा.

गोल झाला की छातीवरचा बिल्ला चुंबायची पद्धत मला मुळीच पटत नाही. आज चुंबन, पुढच्या मोसमात दुसरा बिल्ला. कॅमेरा समोर असताना निष्ठा दाखवायला काही मोजावं लागत नाही. स्कार्फ उचलणाऱ्या बॅजिओला मात्र नव्या चाहत्यांच्या शिव्या खाव्या लागणार होत्या, आणि तरी त्यानं उचलला. गुडघ्याच्या वेळी जे आपल्यामागे उभे राहिले त्यांना तो विसरला नव्हता.

पण बॅजिओवर जीव असूनही मी म्हणेन, पेनल्टी त्यानं मारायला हवी होती. पुढे याच युव्हेंटसला त्यानं १९९३ मध्ये युरोपातला यूएफा कप आणि १९९५ मध्ये इटलीची लीग जिंकून दिली, त्यामुळे तुरिनकरांचा राग बराच निवळला असेल. माझा अजून निवळलेला नाही, आणि तो दे आगोस्तिनीपायी आहे. मन बॅजिओचं अडकलं होतं आणि हुकलेली पेनल्टी मात्र दे आगोस्तिनीच्या नावावर लागली. हे मला आजही खटकतं.

नमस्कार.